तोंडभर हाक

नांदेडला माझी धाकटी बहीण राहते. उन्हाळ्याच्या सुटीत तिच्याकडे गेलो की एक संध्याकाळ पाणीपुरीची, हे ठरलेलं. त्या वर्षी मी पहिली पुरी मोठ्या ऐटीत तोंडाशी नेली आणि ती दातांवर आपटून फुटली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. बहीण खिदळली. दुसरी पुरी जरा तिरपी करून घातली, तीही फुटली. तिसऱ्या पुरीला मी गाडेवाल्यावरच घसरलो.

“पुऱ्या एवढ्या मोठ्या कशाला करता हो? माणसांनी खायच्या की हत्तींनी?”

तो हातातली पुरी अंगठ्यानं फोडत म्हणाला, “साहेब, पुरी तेवढीच हाय. धा साल झाले, तोच साईज चालू हाय.” मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “तुमचं तोंडच उघडून न्हाई राह्यलं.”

मी मराठीचा शिक्षक. उदगीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. लोकांच्या चुका काढणं हा माझा धंदाही आहे आणि आवडही. माझी चूक एका पाणीपुरीवाल्यानं काढावी, तीही इतकी बिनचूक, हे मला झेपलं नाही. शेवटची फुकटची सुकी पुरीसुद्धा न घेता मी चालू लागलो. माझ्या वाटणीच्या पुऱ्या बहिणीनं संपवल्या आणि मग सावकाश मागून आली.

तिच्या घरी जाऊन न्हाणीघराचं दार लावलं आणि आरशासमोर आ केला. आ कसला, जेमतेम अ झाला. दोन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला गेलो तर एक आत गेलं, दुसरं दाताशी अडलं. जीभ गालावरून फिरवली तर गाल गालासारखा लागेना. आतून कुणीतरी चामड्याची वादी ताणून शिवल्यासारखं वाटत होतं. हे मला अगदीच नवीन होतं असं नाही. जांभई अर्ध्यावर अडकते, दाढा घासताना ब्रश वळत नाही, हे दोन वर्षं चाललंच होतं. पण माणूस स्वतःशी किती खोटं बोलू शकतो, याला काही धरबंद नसतो.

खोटं कशाबद्दल, तेही सांगून टाकतो. मी गुटखा कधी खाल्ला नाही. उलट दर वर्षी कॉलेजात व्यसनमुक्तीचं भाषण माझ्याकडेच असायचं आणि मी ते घणाघाती करायचो. फक्त भाषण करताना माझ्या पँटच्या खिशात भाजक्या सुपारीची पुडी असायची. गुटखा खाणारे वेगळे, आपण वेगळे. आपण साधी सुपारी खातो, तीही स्वच्छ. सकाळी चहानंतर, दोन तासिकांच्या मध्ये, जेवणावर, गप्पा मारताना आणि गप्पा नसल्या तर गप्पा नाहीत म्हणून.

ती सवय अप्पांच्या चंचीतून, कमरेच्या पानसुपारीच्या पिशवीतून आली. अप्पा म्हणजे माझे वडील. लहानपणी त्यांची सुपारी कातरून द्यायचं काम माझ्याकडे होतं. पितळी अडकित्ता माझ्या हाताला मोठा व्हायचा. मोठी खांडं त्यांची आणि खाली सांडलेला चुरा माझा. त्या चुऱ्यासाठी मी सुपारी मुद्दाम बारीक कातरायचो आणि अप्पांना ते कळायचं, पण ते मला अडवायचे नाहीत.

तोंड बंद होत चाललं तसं तिखट झोंबायला लागलं. आमच्या घरी ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे अन्न, बाकी सगळी चैन. मी हळूच ठेचा सोडला, मग कालवण सोडलं, मग दहीभातावर आलो. तोंड दुखायचं म्हणून बोलणंही कमी केलं. आमचं घर लिंगायतांचं. सणासुदीला घरी येणाऱ्या जंगम स्वामींनी एकदा माझं ताट बघितलं, माझं गप्प बसणं बघितलं आणि हात जोडून अव्वाला, म्हणजे माझ्या आईला म्हणाले, “माय, पोराला वैराग्य येऊन राहिलंय. तिखट सुटलं, बोलनं सुटलं. लई थोड्यांच्या नशिबी असतंय हे.”

अव्वाला पहिल्या दिवशी एवढा अभिमान वाटला की तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की विरक्त झालेला माणूस घर सोडून मठात जातो, आणि ती देव्हाऱ्यासमोर बसून रडायला लागली. तिसऱ्या दिवसापासून तिनं माझ्या दहीभातावर तुपाची धार वाढवली, म्हणजे तरी संसारात जीव रमेल. मी यातलं काहीच नाकारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आजार म्हणण्यापेक्षा वैराग्य म्हणणं केव्हाही बरं.

माझ्या बायकोनं मात्र एका सकाळी माझी पँट धुवायला घेतली, खिशातली पुडी काढून सगळ्यांसमोर ताटात ठेवली आणि म्हणाली, “अव्वा, वैराग्य आलेला माणूस खिशात हे ठेवतो का हो?”

अव्वाचं रडं त्या क्षणी थांबलं. माझं वैराग्यही तिथंच संपलं, पण सुपारी संपली नाही. पुडी खिशातून कॉलेजच्या ड्रॉवरमध्ये गेली, एवढंच.

आता येळवशीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलेलं आहे. मार्गशीर्षातली अमावास्या, पंचांगातली वेळअमावास्या, ती आमची येळवस. त्या दिवशी लातूर-उदगीरकडची गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, माठातली गार आंबील असा नैवेद्य दाखवायचा. मग घरच्या कर्त्या माणसानं पिकातून आंबील शिंपडत हाका देत फिरायचं, “ओलगे ओलगे, सालम पोलगे!” याचा अर्थ मला विचारू नका. मराठीचा शिक्षक असून मला तो सांगता येत नाही. कानडीतून आलंय म्हणतात. अर्थ पिकाला कळतो, असं अप्पा म्हणतात.

आमच्या घरात त्या हाकेला एक रीत आहे. हाक बापाकडून मुलाकडे जाते त्या वर्षी बाप शेताच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळच्या चिंचेखाली बसतो. खोपीपासून दिलेली हाक चिंचेपर्यंत पोचली तर बाप खांद्यावरचा टॉवेल हलवतो. टॉवेल हलला की हाक मुलाची झाली. आजोबांनी अप्पांसाठी तो पहिल्याच हाकेला हलवला होता. ही गोष्ट अप्पांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की आजोबांच्या टॉवेलचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

पाणीपुरीच्या आधीच्या येळवशीला अप्पांचे गुडघे बोलायला लागले होते. खोपीत बसल्या बसल्या ते मला म्हणाले, “मास्तर, पुढच्या सालापासनं हाक तू दे. म्या चिंचंखाली बसतो.” मी मास्तर झाल्यापासून ते मला मास्तरच म्हणतात. मी खूश झालो आणि तिथल्या तिथं एक हाक देऊन बघितली. माझा आवाज तालुक्यात प्रसिद्ध आहे हो. लग्न असो, सत्कार असो, माइक माझ्या हातात. पण माइकवर तोंड अर्धं उघडलं तरी भागतं. शेतात माइक नव्हता. हाक दातांतून कशीबशी गळली आणि खोपीजवळ पडली. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, मोबाइलात रेकॉर्ड करू की. स्पीकर लावू, पार सडकंपत्तर जाईल.”

अप्पा त्याच्यावर असे उखडले की विचारू नका. “पिकाला काय रेकॉर्ड आयकवतोस? उद्या आंबील बी रेकॉर्डच पाज!” माझ्याकडे मात्र त्यांनी नुसतंच बघितलं. कुठंतरी काहीतरी बिघडलंय हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. मला पाणीपुरीवाल्यानं सांगेपर्यंत कळून घ्यायचं नव्हतं.

नांदेडहून परत आलो तो बायकोनं सरळ लातूरला नेलं, दाताच्या मोठ्या दवाखान्यात. तिथली सर्जन वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी, मूळची हदगावकडची. तिनं माझ्या तोंडात पट्टी धरून माप घेतलं, गाल आतून चाचपला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “सर, सुपारी खाऊन राहिले का अजून?”

मी व्यसनमुक्तीवर भाषण देतो, असं मी तिला सांगणार होतो. बायको बाजूलाच उभी होती. मी ड्रॉवरमधल्या पुडीपर्यंत सगळं सांगितलं.

ती रागावली नाही. तिनं सांगितलं की सुपारीनं गालाच्या आतलं मऊ अस्तर कडक होतं, त्याचे दोरखंडासारखे पट्टे बनतात आणि ते जबडा बांधून टाकतात. सुपारी सोडली तर रोग तिथं थांबतो, पण बांधलेलं आपोआप सुटत नाही. आणि पुढंमागं याचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून छोटा तुकडा काढून तपासायलाच हवा. हे शेवटचं वाक्य तिनं आवाज न बदलता सांगितलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तपासणीचा कागद यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी फार भ्यालो होतो. कागद चांगला आला तेव्हा बायको दवाखान्याच्या पायरीवरच खाली बसली आणि मला म्हणाली, “ड्रॉवरची किल्ली द्या.” मी दिली.

मग दोन महिने गालात इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. एका बोटाचं सव्वा बोट झालं. शेवटी ऑपरेशन ठरलं, गणपती उठल्यावर. समजून घ्यायला अप्पाही आले होते, धोतर-टोपीत, चंची कमरेला. सर्जनबाईनं केसपेपरच्या पाठीमागं एक चेहरा काढला. गालातले कडक पट्टे कापायचे, म्हणजे तोंड उघडेल. पण कापलेली जागा तशीच ठेवली तर पुन्हा आवळून येते. म्हणून नाकाच्या बाजूला, हसताना जिथं घडी पडते तिथली कातडी उचलायची, ती आतल्या बाजूला वळवायची आणि त्या जागेवर शिवायची. दोन्ही गालांना तसंच.

अप्पांनी तो चेहरा बराच वेळ न्याहाळला. “बाई, ती कातडी पार तोडून आत लावनार का?”

“नाही अप्पा. मूळ तिथंच राहते. रक्त मुळातूनच येते. मूळ तुटलं तर कातडी वाळून जाईल.”

“मंजी दाबकलम.” अप्पा माझ्याकडे वळले. “आरं, फांदी झाडाला ठिवूनच मातीत दाबायची. जगतंय त्ये. कर बिनघोर.”

सर्जनबाई एकदम हसली. नंतर मी तपासणीला जायचो तेव्हा दुसऱ्या पेशंटना ती हेच सांगताना मला ऐकू यायचं. “दाबकलम करतो ना, तसंच हे.” शेतकऱ्यांना ते पटकन कळायचं. तिला तो शब्द माझ्या बापानं दिला, हे मी बाकावरच्या लोकांना न विचारता सांगायचो.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. तोंड उघडत नाही म्हणून भुलीची नळी नाकातून घालावी लागली, ते जागेपणीच, आणि तेव्हा भूलतज्ज्ञ माझ्याशी क्रिकेटवर बोलत होता एवढं लक्षात आहे. शुद्धीवर आलो तेव्हा चेहऱ्याचा भोपळा झाला होता. नाकात अन्नाची नळी, दोन्ही गालांवर टाके, अक्कलदाढाही काढलेल्या, बोलायला सक्त मनाई. मी पाटीवर लिहून बोलायचो. बायको पाटी वाचायची, पुसायची आणि स्वतःचं म्हणणं पुढं चालू करायची. पाचव्या दिवशी ती समाधानानं म्हणाली, “एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझी वाक्यं पूर्ण होऊन राहिलीत.” मी पाटीवर ‘राहिली आहेत’ असं लिहिलं. तिनं पाटीच उचलून बाहेर नेऊन ठेवली.

त्यानंतरचं काम खरं अवघड होतं, आणि ते माझं होतं. सर्जनबाईनं बजावलं, “सर, मी उघडून दिलं. उघडं ठेवणं तुमच्या हातात. व्यायाम सोडला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.” व्यायाम असा की आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून तो गठ्ठा दातांमध्ये सरकवायचा आणि धरून ठेवायचा. मग मध्ये अजून एक काडी सारायची. दिवसातून सहा-सात वेळा. दुखायचं म्हणजे असं की डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. मी काड्या भिंतीवर फेकल्या. बायकोनं त्या उचलल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “हाक कोण देणार? तुमचा भाऊ, स्पीकर लावून?”

मी काड्या घेतल्या.

दुसऱ्या आठवड्यात अप्पा एकटेच बसनं लातूरला आले. मी अजून दवाखान्याजवळच्या खोलीवर होतो. ते खाटेवर टेकले, कमरेची चंची सोडली आणि तिची दोरी उलगडायला लागले. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी इथं गाल कापून बसलोय आणि हा माणूस माझ्यासमोर सुपारी काढतोय! पाटी हाताशी नव्हती, म्हणून मी जमेल तसं ओरडलो. टाक्यांमुळे ते ओरडणं फक्त फुसफुसल्यासारखं झालं. अप्पांनी शांतपणे चंची माझ्या मांडीवर उलटी केली.

आत काड्या होत्या. घोटून गुळगुळीत केलेल्या, एकसारख्या चपट्या, वीस-पंचवीस तरी. विळ्यानं तासून त्यांनी स्वतः केल्या होत्या. “आइस्क्रीमच्या काड्या कुटून आनायच्या? पावसाळ्यात कोन आइस्क्रीम खातंय? म्हनून म्या केल्या. लिंबाच्या हायत. तोंडाला चांगल्या.”

मी एक काडी तोंडात घातली. कडुनिंबाचं लाकूड. जिभेला असा कडू झटका बसला की ऑपरेशननंतर पहिल्यांदा माझं तोंड आपणहून एकदम उघडलं. बायको हसून हसून खाली बसली. अप्पा मात्र गंभीर होते. “उघडलं की!” ते म्हणाले.

ते परत गेल्यावर बायकोनं सांगितलं की ज्या दिवशी ऑपरेशन समजून घेऊन घरी परतले, त्याच दिवशी अप्पांनी चंची रिकामी करून अडकित्ता अव्वाच्या हवाली केला होता. साठ वर्षांची सवय. अव्वानं कारण विचारलं तर म्हणाले, “चुरा म्याच देत होतो त्याला.” मला तेव्हा त्यांच्यामागं बसस्टँडवर पळत जावंसं वाटलं. मी लिंबाच्या काड्या उकळायला ठेवल्या.

सर्जनबाईनं त्या बघितल्या, नाक मुरडलं आणि म्हणाली, उकळून घेणार असाल तर चालतील. पहिल्या दिवशी अकरा काड्या बसल्या. दसऱ्याला सतरा. दिवाळीला एकवीस. चकली तोंडात आडवी जाते का, हे सगळ्या घरानं उभं राहून बघितलं. गेली. अव्वानं माझी दृष्ट काढली.

दिवाळीनंतर एका सकाळी जिभेला गालात काहीतरी टोचलं. पुन्हा टोचलं. मी आरशासमोर टॉर्च धरून बघितलं. गालात आतून काळे केस उगवले होते. मी बायकोला हाक मारली आणि नुसतं तोंड उघडून दाखवलं. तिनं टॉर्च घेतला, बघितलं, अजून वाकून बघितलं.

“अहो,” ती म्हणाली, “मिशी आत आलीय.”

खरंच होतं ते. नाकाच्या बाजूची कातडी, पुरुषाची, तिथं मिशीची मुळं असायचीच. कातडी आत गेली तरी आपला धर्म विसरली नव्हती. मी घाबरून त्याच दिवशी लातूर गाठलं. सर्जनबाईला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. “केस आले ना? पुरुषांना येतात कधी कधी. काही धोका नाही. पकडून काढता येतात, किंवा लेझरनं कायमचे घालवता येतात. मी आधीच सांगितलं होतं सर, तुमचं लक्ष नव्हतं.” नसणारच. माझं लक्ष तेव्हा बाहेरच्या बाकावरच्या लोकांना दाबकलम कसं समजावून सांगायचं याकडे होतं.

लेझरला जाईपर्यंत दर रविवारी सकाळी बायको चिमटा घेऊन बसायची आणि मी उन्हात आ करून. ती केस काढता काढता आठवड्याभरातल्या सगळ्या तक्रारी सांगायची, कारण मला उत्तर देता यायचं नाही. आणखी एक गंमत झाली होती. गालावरची ती हसण्याची घडी काढून घेतल्यामुळे माझा चेहरा ताणला गेला होता आणि मी चांगला पाच-सहा वर्षांनी तरुण दिसायला लागलो होतो. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं खासगीत विचारलं, “सर, कुठं केलंत हे?” मी म्हणालो, सुपारी खाऊन केलं.

मार्गशीर्ष उजाडला तेव्हा माझी तीन बोटं उभी तोंडात जात होती. निरोगी माणसाचं तेवढंच माप असतं म्हणे. पण बोटं जाणं वेगळं आणि हाक जाणं वेगळं. गाल अजून ताठर होते. घरात जोरात ओरडून बघायला सर्जनबाईची परवानगी नुकतीच मिळाली होती, पण मी मुद्दामच ओरडून बघितलं नाही. आधी बघितलं आणि जमलं नाही तर काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं.

येळवशीच्या सकाळी आम्ही सगळे शेतात गेलो. हरभरा घाट्यांवर होता, ज्वारी पोटरीत. खोप झाली, पांडव मांडले, पूजा झाली. नांदेडहून बहीण आली होती. अव्वानं आंबिलीचा तांब्या माझ्या हातात दिला. अप्पा उठले आणि काठी टेकत बांधाबांधानं निघाले. चिंचेपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. तिथं ते खाली बसले. एवढ्या लांबून फक्त पांढरी टोपी आणि खांद्यावरचा लाल टॉवेल दिसत होता. सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

मी आंबिलीत हात बुडवला, पिकावर शिंपडली आणि तोंड उघडलं. “ओलगे ओलगे, सालम पोलगे!”

आवाज निघाला. दातांतून नाही, तोंडातून निघाला. माझं मलाच ते इतकं नवं वाटलं की मी पुढचं पाऊल टाकायचं विसरलो. चिंचेकडे बघितलं. टॉवेल हलला नाही.

दहा पावलं पुढं गेलो, आंबील शिंपडली आणि पुन्हा हाक दिली, आधीपेक्षा मोठी. गालातली शिवण ताणली गेली. टॉवेल हलला नाही. धाकटा भाऊ मागून हळूच म्हणाला, “वारं उलटं हाय, दादा.” वारं अजिबात नव्हतं.

तिसऱ्यांदा दिली. टोपी जागची हलली नाही. आता मला राग आला. खरा राग. अकरा काड्यांपासून तीन बोटांपर्यंत आलो ते यासाठी? कडुनिंब चावला, मिशी उपटून घेतली, आणि हा म्हातारा ढिम्म बसलाय? मी तांब्या बहिणीच्या हातात दिला, दोन्ही पाय काळ्या मातीत घट्ट रोवले, मान मागं टाकली आणि होतं नव्हतं तेवढं तोंड उघडून हाक दिली. ज्वारीतल्या चिमण्या भुर्रकन उठल्या. शेजारच्या शेतातली माणसं जेवता जेवता उभी राहिली आणि तिकडून “ओलगे ओलगे!” अशी परत हाक आली. तिच्या पलीकडच्या शेतातूनही आली.

आणि चिंचेखाली लाल टॉवेल उठला. अप्पा उभे राहिले होते. काठी बाजूला टाकून, दोन्ही हातांनी ते टॉवेल डोक्यावर फिरवत होते.

अव्वा रडत होती आणि हसत होती. बायकोनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तो आनंदाचा होता असं ती म्हणते. भाऊ मोटरसायकलवरून जाऊन अप्पांना घेऊन आला. पंगत बसली, अप्पांच्या शेजारी मी. भज्जी वाढली, आंबिलीचे पेले भरले. राग अजून पुरता गेला नव्हता, म्हणून मी विचारलंच.

“अप्पा, ऐकायला कमी येतंय का तुम्हाला? चौथ्या हाकेला पोचली?”

त्यांनी उंडा भज्जीत कुस्करला, सावकाश, माझ्याकडे न बघता. “पैलीच पोचली की.”

“मग टॉवेल का नाही हलवला?”

“हलवला आस्ता तर तू थांबला आस्तास,” अप्पा म्हणाले. “मला आनिक आयकायची व्हती.”

अव्वानं माझ्या हातावर एक उंडा ठेवला. मी तो न फोडता, अख्खाच्या अख्खा तोंडात घातला. नाहीतर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.